बारा पसंती आणि मोहल्ल्याची शाळा

मूल पाचवीतून सहावीत जाते तेव्हा घरात एक प्रश्न उभा राहतो. आतापर्यंत शाळा चालत जाण्याच्या अंतरावर होती, बाई ओळखीच्या होत्या, अम्मी किंवा आपा गेटपर्यंत सोडून यायची. आता पुढची शाळा कोणती? सोडणार कोण, आणणार कोण? माध्यम कोणते? मुलगी असेल तर प्रश्न आणखी वाढतात, आणि उत्तर सापडले नाही तर कधी कधी शिक्षणच थांबते.

हा प्रश्न मालेगावात पडतो, मुंब्र्यात पडतो आणि अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन इथेही पडतो. या वेळी आपण वॉशिंग्टनबद्दल बोलणार आहोत. कारण आपल्याकडच्या अनेक पालकांना जे हवे आहे ते तिथल्या पालकांना मिळालेले आहे: फी न भरता शहरातली कोणतीही शाळा मागण्याची मुभा. या मुभेने काय दिले आणि काय दिले नाही, हे पाहायला तिथला सुमारे तीस वर्षांचा अनुभव हाताशी आहे.

आधी तिथली व्यवस्था समजून घेऊ. वॉशिंग्टनमध्ये सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळा दोन प्रकारच्या आहेत. एक, शहराचा शिक्षण विभाग स्वतः चालवतो त्या. दुसऱ्या, चार्टर शाळा. चार्टर म्हणजे सनद किंवा करार. नफा न कमावणारी एखादी संस्था शहराच्या चार्टर मंडळाकडून पंधरा वर्षांची सनद घेते आणि शाळा चालवते. पैसा सरकारचा, कारभार संस्थेचा. फी घेता येत नाही, प्रवेश परीक्षा घेता येत नाही. दर पाच वर्षांनी किमान एकदा तपासणी होते. शाळेने दिलेले वचन पाळले नाही किंवा पैशाचा कारभार बिघडला, तर मंडळ सनद काढून घेऊ शकते. १९९६ मध्ये अमेरिकन काँग्रेसने केलेल्या कायद्याने ही पद्धत तिथे सुरू झाली. आज शहरातली सरकारी खर्चाने शिकणारी जवळपास निम्मी मुले चार्टर शाळांत आहेत.

प्रवेशासाठी २०१४ पासून एकच सामाईक लॉटरी आहे. शहर चालवते त्या शाळा आणि बहुतेक सर्व चार्टर शाळा तिच्यात येतात. पालकांनी आपल्या पसंतीच्या क्रमाने जास्तीत जास्त बारा शाळा लिहायच्या. हिवाळ्यात फॉर्म भरायचा, मार्चअखेरीस निकाल. भावंड आधीच त्या शाळेत असेल तर प्राधान्य मिळते. बाकी बरेचसे एका आकड्यावर अवलंबून असते, आणि तो आकडा संगणक नशिबाने देतो. जागा मिळाली नाही तर नाव प्रतीक्षा यादीत जाते. ती यादी शाळा सुरू झाल्यावरही हलत राहते.

या लॉटरीचे गणित नीट विचार करून बसवलेले आहे. जी शाळा मनापासून हवी तीच पहिली लिहिणे यातच पालकाचा फायदा असतो. पहिली शाळा मिळाली नाही म्हणून दुसऱ्या शाळेतली संधी कमी होत नाही. त्यामुळे हुशारीने खोटी पसंती लिहिणाऱ्याला काही जास्त मिळत नाही. ओळख, चिठ्ठी, देणगी यांना जागा नाही. आपल्याकडे प्रवेशासाठी नगरसेवकाच्या दारात उभ्या राहिलेल्या कोणत्याही अब्बूंना विचारा, ही गोष्ट किती मोठी आहे ते.

आता समजा, त्या शहरातल्या ॲनाकोस्टिया नदीच्या पूर्वेला राहणारी एक आई आहे. हा भाग प्रामुख्याने कृष्णवर्णीयांचा आणि शहरातला सर्वांत गरीब. ती पाळीपाळीने काम करते. मुलगी चौथीत आहे. मिडल स्कूल म्हणजे तिथे साधारण सहावी ते आठवी. मग चौथीतच काळजी कशाला? कारण शहराच्या प्राथमिक शाळा पाचवीपर्यंत असतात, पण बऱ्याच चार्टर मिडल शाळा पाचवीपासूनच प्रवेश देतात. सहावीपर्यंत थांबले तर तिथल्या जागा भरून गेलेल्या असतात. म्हणून चौथी संपताच काही मुले निघून जातात. जी थांबतात त्यांचा पाचवीचा वर्ग अर्धवट भरलेला असतो.

या आईसमोर चार वाटा आहेत. पहिली, मोहल्ल्यातली मिडल शाळा. तिथे तिच्या मुलीचा हक्क पक्का आहे, लॉटरीची गरज नाही. पण शेजारच्या किती मुली तिथे जाणार, हे कोणालाच सांगता येत नाही. दुसरी, नदीपलीकडची नाव असलेली चार्टर शाळा. निकाल चांगले, शिस्त कडक. पण शाळेची बस साधारणपणे अपंग किंवा खास मदत लागणाऱ्या मुलांनाच मिळते. विद्यार्थ्यांना शहराची बस आणि मेट्रो मोफत आहे, पण दहा-अकरा वर्षांच्या मुलीला दोन गाड्या बदलून पाठवायचे की नाही हे आईनेच ठरवायचे. तिसरी, परदेशी भाषा शिकवणारी मोठी चार्टर शाळा. तिथल्या बहुतेक जागा तिच्याशी जोडलेल्या ठरावीक प्राथमिक शाळांतल्या मुलांनी भरतात. म्हणजे हा निर्णय मुलगी तीन-चार वर्षांची असतानाच घ्यायला हवा होता. चौथी, शहराच्या वायव्येकडची डील मिडल स्कूल. ती सरकारीच, पण तिच्या हद्दीत घर असणाऱ्यांचा तिथे पहिला हक्क, आणि त्या हद्दीतली घरे या आईला परवडणारी नाहीत. बाहेरच्या मुलांना मिळणाऱ्या जागा अगदी थोड्या.

कागदावर बारा पसंती आहेत. स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्या दोन किंवा तीन उरतात.

तरीही या आईला विचारले की जुनी पद्धत परत आणायची का, तर ती लगेच हो म्हणेल असे समजू नका. श्रीमंताला शाळा निवडायची मुभा नेहमीच होती. तो चांगल्या शाळेच्या हद्दीत घर विकत घ्यायचा किंवा खासगी शाळेची फी भरायचा. गरिबाला पत्त्याप्रमाणे जी शाळा वाट्याला येईल ती घ्यावी लागे. लॉटरीने पहिल्यांदा त्याच्याही हातात काहीतरी दिले. त्या शहरातल्या काही चार्टर शाळांनी गरीब घरांतली मुले कॉलेजपर्यंत नेली, हे खरे आहे. स्पर्धा आल्यावर शहराच्या शाळांनीही हातपाय हलवले. अलीकडच्या काळात बेघर किंवा अन्नासाठी सरकारी मदत घेणाऱ्या कुटुंबांतल्या मुलांना लॉटरीत प्राधान्य देण्याची सोयही झाली आहे, मात्र ती स्वीकारायची की नाही हे चार्टर शाळेवर सोपवले आहे. निवड करणाऱ्या आईला दोष देण्याचे काही कारण नाही. आपल्या लेकीसाठी उत्तम ते शोधणे हे तिचे कामच आहे.

प्रश्न पुढे आहे. लॉटरी जागा वाटते, जागा वाढवत नाही. चांगल्या शाळेत शंभर जागा असतील आणि हजार अर्ज आले, तर गणित कितीही निर्दोष असले तरी नऊशे मुले बाहेरच राहणार. त्यांच्या पालकांना मात्र वाटते की आपला आकडा वाईट निघाला. नशिबावर रागावता येते, पण नशिबाकडे निवेदन घेऊन जाता येत नाही. शहराने चांगल्या जागा पुरेशा का ठेवल्या नाहीत, हा खरा प्रश्न त्या आकड्यामागे लपून जातो.

दुसरी गोष्ट, निवड करायला वेळ लागतो. शाळांना भेटी द्यायच्या, निकाल वाचायचे, मुदतीच्या तारखा लक्षात ठेवायच्या, प्रतीक्षा यादी कुठवर सरकली ते पाहायचे. ज्या घरात इंटरनेट आहे, इंग्रजी आहे आणि दुपारी सुटी घेता येते, ते घर पुढे राहते. ज्या घरात हे नाही, त्या घरातले मूल ठरावीक शाळेत जाते, आणि मग म्हटले जाते की पालकांनाच फिकीर नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. जागरूक पालक एकेक करून मोहल्ल्याच्या शाळेतून निघून गेले की त्या शाळेसाठी बोलणारे कोणी उरत नाही. पट घटतो. पटाप्रमाणे पैसा मिळतो, म्हणून पैसा घटतो. संगीताचे शिक्षक जातात, मग ग्रंथपाल जातात. शेवटी शाळाच बंद करण्याचा ठराव येतो. वॉशिंग्टनमध्ये २००८ साली शहराने २३ शाळा बंद केल्या. पट कमी झाला हे कारण दिले गेले, आणि त्यातल्या बहुतेक गरीब वस्त्यांतल्या होत्या. बंद होणे चार्टर शाळांच्याही वाट्याला येते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये, नवे वर्ष सुरू व्हायला थोडेच दिवस उरले असताना, आर्थिक अडचणीत सापडलेली एक चार्टर शाळा बंद झाली आणि पालकांना धावपळ करून दुसरी जागा शोधावी लागली. लॉटरीत जिंकलेली जागाही कायमची नसते.

याच शहरातली एक जुनी गोष्ट आपल्या तरुण वाचकांना माहीत असायला हवी. तीही मिडल स्कूलचीच आहे.

१९४७ साली वॉशिंग्टनच्या शाळा कायद्याने वेगळ्या होत्या, गोऱ्यांच्या वेगळ्या आणि काळ्यांच्या वेगळ्या. काळ्या मुलांच्या ब्राउन ज्युनियर हायस्कूलमध्ये क्षमतेच्या जवळजवळ दुप्पट मुले कोंबलेली होती. शाळा दोन पाळ्यांत भरे. जवळच गोऱ्या मुलांच्या शाळेत जागा रिकाम्या होत्या. ब्राउनमध्ये शिकणाऱ्या एका मुलीचे वडील गार्डनर बिशप न्हावी होते. त्यांचे दुकान होते, पण समाजात मोठे नाव किंवा पद नव्हते. त्यांनी इतर पालकांना एकत्र केले. पालकांनी मुलांना शाळेत पाठवणे बंद केले आणि संप पुकारला. त्यातून कन्सॉलिडेटेड पॅरेंट्स ग्रुप ही संघटना उभी राहिली. या शाळेच्या प्रश्नावरचा खटला १९५० मध्ये अपील न्यायालयात हरला.

ते थांबले नाहीत. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बिशप अकरा काळ्या मुलांना घेऊन ॲनाकोस्टिया भागातल्या नव्या कोऱ्या जॉन फिलिप सूसा ज्युनियर हायस्कूलच्या दारात गेले. आत वर्ग रिकामे होते. मुलांना प्रवेश नाकारला गेला. त्या नकारातून ‘बोलिंग विरुद्ध शार्प’ हा खटला उभा राहिला. १७ मे १९५४ रोजी, प्रसिद्ध ‘ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन’ निकालाच्याच दिवशी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की राजधानीतही मुलांना वर्णावरून वेगळ्या शाळांत ठेवता येणार नाही. सूसाची ती इमारत आज राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे, आणि त्या नावाची मिडल शाळाही चालू आहे.

बिशप यांना फक्त आपल्या मुलीची सोय बघता आली असती. एखाद्या ओळखीने, एखाद्या नातेवाइकाच्या पत्त्यावर. त्यांनी ‘आपल्या मुलांची शाळा’ हा प्रश्न विचारला आणि त्यातल्या ‘आपल्या’ या शब्दाचा अर्थ त्यांच्या घरापुरता नव्हता. वस्तीतल्या साध्या माणसांनी एकत्र येऊन शहराला जाब विचारला.

आज त्याच शहरातले पालक कमी काळजी करतात असे नाही. उलट ते रात्र रात्र जागून बारा नावांचा क्रम लावतात. पण ती यादी प्रत्येक घराची वेगळी असते. एकाला मिळालेली जागा दुसऱ्याला न मिळालेली जागा असते. शेजारी शेजाऱ्याचा स्पर्धक होतो. जी ताकद एके काळी एका मागणीत एकवटली होती, ती हजारो खासगी अर्जांत विखुरली आहे. निवडीची मुभा वाईट नाही. पण निवडणारा माणूस नागरिक म्हणून बोलायचे थांबला, तर त्या मुभेची किंमत वस्तीतल्या सर्वांत कमजोर घराला मोजावी लागते.

आता आपल्याकडे पाहू. लॉटरी आपल्यालाही नवी नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार खासगी विनाअनुदानित शाळांत पंचवीस टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांसाठी आहेत. महाराष्ट्रात त्यासाठी ऑनलाइन अर्ज आणि सोडत असते. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलला आणि जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या जबाबदारीतून सूट दिली. पालक आणि संघटना न्यायालयात गेल्या. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. पुन्हा तेच दिसते: एकट्याच्या अर्जाने जे झाले नसते ते एकत्र मागितल्याने झाले.

पण हा प्रवेश फक्त सुरुवातीच्या वर्गात, म्हणजे पहिलीत किंवा पूर्वप्राथमिकला मिळतो. सहावीच्या किंवा आठवीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या मुलासाठी कोणतीही सोडत नाही. नेमक्या याच टप्प्यावर आपली मुले गळतात. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने सांगितले होते की सहा ते चौदा वयोगटातली २५ टक्के मुस्लिम मुले एक तर शाळेत कधी गेलीच नाहीत किंवा मधेच शाळा सोडून गेली. कारणे अनेक आहेत, पण एक कारण साधे आहे. मोहल्ल्यातली शाळा चौथीला, पाचवीला किंवा सातवीला संपते आणि पुढची दूर असते. दूरच्या शाळेला मुलगा पाठवला जातो. मुलीला सांगितले जाते, ‘बस झाले, घरात मदत कर.’

एक कडू गोष्ट आपल्याच घरातली. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानुसार अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना शिक्षण हक्क कायदा लागू नाही. आपल्या संस्था आपण चालवण्याचा हक्क संविधानाने दिला आहे आणि तो जपलाच पाहिजे. पण कायद्याने सक्ती नाही म्हणून आपल्या समाजाच्या संस्थांनी रिक्षावाल्याच्या, यंत्रमाग कामगाराच्या, भंगार वेचणाऱ्याच्या मुलांसाठी दार किती उघडे ठेवले आहे? हा प्रश्न सरकारला विचारण्याआधी संस्थांच्या विश्वस्तांना विचारायला हवा. विचारणारे तुम्ही तरुण असायला हवेत, कारण तुमच्यातले बरेच जण त्याच शाळांतून शिकलात.

मग करायचे काय? तीन कामे सांगतो. तिन्ही करायला फार पैसा लागत नाही.

पहिले काम मोजणीचे. आपल्या मोहल्ल्याचा नकाशा काढा. कोणती शाळा कोणत्या इयत्तेला संपते, कोणत्या माध्यमाची पुढची शाळा किती अंतरावर आहे, वाटेत महामार्ग किंवा रेल्वे रूळ आहे का, मुलींसाठी स्वच्छतागृह चालू आहे का, हे लिहून काढा. सहावी ते आठवीची शाळा घरापासून तीन किलोमीटरच्या आत असावी असे नियम सांगतात. ती नसेल तर हा कागद घेऊन वीस पालकांनी मिळून शिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. एकट्याचे निवेदन फायलीत जाते, वीस जणांच्या निवेदनाला तारीख द्यावी लागते.

दुसरे काम समितीचे. सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असणे कायद्याने बंधनकारक आहे. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया. बऱ्याच ठिकाणी ही समिती सह्यांपुरती असते. अम्मीला सांगा, खालाला सांगा, नाव द्या, बैठकीला जा. लिहिता-वाचता येत नसेल तर तुम्ही सोबत बसा आणि इतिवृत्त वाचून दाखवा. शाळेत शिक्षक कमी आहेत, विज्ञानाला कोणी नाही, हे बैठकीच्या वहीत लिहिले गेले तरच पुढे सरकते.

तिसरे काम शेजाऱ्याचे. तुमच्या घरात मोबाइल आहे, फॉर्म भरता येतो, उत्पन्नाचा दाखला कुठे मिळतो हे माहीत आहे. गल्लीतल्या पाच घरांना ते माहीत नाही. प्रवेशाच्या दिवसांत एका रविवारी मदरशाच्या किंवा समाजमंदिराच्या ओट्यावर दोन तास बसा. पाचवी आणि सातवी पास झालेल्या प्रत्येक मुलीचे नाव यादीत घ्या आणि जूनमध्ये तिच्या घरी जाऊन विचारा, ती शाळेत गेली का. जिथे नुसत्या सोबतीची अडचण असेल तिथे चार मुली एकत्र निघाल्या तरी ती सुटते.

आणि ज्यांनी आपला भाऊ किंवा बहीण खासगी इंग्रजी शाळेत घातली आहे, त्यांना एक विनंती. ती निवड तुमची आहे, तिच्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नका. पण मोहल्ल्याच्या महापालिका शाळेशी नाते तोडू नका. ती शाळा तुमच्या मुलाची नसली तरी तुमच्या शेजाऱ्याच्या मुलीची आहे, आणि ती तुमच्याही करातून चालते. तिचा पट घटला, तिचे वर्ग बंद झाले, तर पहिल्यांदा त्याच मुलीचे पुस्तक बंद होईल.

वॉशिंग्टनमध्ये येत्या मार्चमध्ये पुन्हा निकाल लागेल. काही घरांत मिठाई येईल, काही घरांत प्रतीक्षा यादीतला क्रमांक. आपल्याकडे जूनमध्ये शाळा उघडतील. त्याआधी आपल्या गल्लीतली कोणती मुलगी पुढच्या वर्गात जाणार नाही असे ठरत आहे, ते शोधून काढा. उन्हाळ्याच्या सुटीत एवढे काम झाले तरी पुरे आहे. बाकीचे जूननंतर एकत्र बसून ठरवू.